पंधराचा आकडा

मी गाडी बोलतेय. पण आधी सांगा, तुमच्या पिशवीत लॅपटॉप तर नाही ना? असेल तर तो बाहेर ठेवून या. लॅपटॉप घेऊन जवळ आलेल्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. तसा तो रिकाम्या हातांनी आलेल्या माणसावरही चटकन बसत नाही, पण त्याच्याशी मी निदान बोलते.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. त्याला आता बारा वर्षं होतील. दिसायला मी साधी, राखाडी, चार दारांची. रस्त्यात उभी असले तर कुणी वळून बघणार नाही. पण बॉनेटखाली मला टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन दिलं होतं, आणि पाय जरा दाबला की बसलेल्या माणसाची पाठ सीटला चिकटायची. शेजारच्या रांगेत छोट्या, काटकसरी गाड्या तयार व्हायच्या, रोज शेकड्यांनी. आम्ही आठवड्याला पाच-सहा. कामगार आमच्या रांगेत आले की उगाच बॉनेटवरून हात फिरवायचे. मला तेव्हा वाटायचं, हे कौतुक आहे. आता वाटतं, आमचे दिवस थोडे आहेत हे त्यांना तेव्हाच ठाऊक असणार.

माझे पहिले मालक तासगावचे बाळासो. द्राक्षबागायतदार माणूस, हौशी. दसऱ्याला त्यांनी मला घरी आणलं. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले. पेढा तोंडात टाकत जो येईल तो एकच विचारायचा, "बाळासो, लिटरला किती देती?"

मी कशी पळते, वळणावर कशी बसते, हे कुणी विचारलं नाही. लिटरला किती, बस्स. आणि बाळासो न चाचरता सांगायचे, "पंधरा-सोळाला मरण न्हाई." मी तेव्हा दहा देत होते. समोरचाही ऐकून स्वतःच्या गाडीचे अठरा सांगायचा. त्याच्या गाडीशी माझी चहाच्या टपरीवर ओळख झाली होती. ती बिचारी बाराच्या पुढे कधी गेली नव्हती. एरवी देवाधर्माची, दिल्या शब्दाला जागणारी ही माणसं. पण पेट्रोलचा आकडा आला की बेधडक खोटं बोलतात. माझा स्वभाव संशयी झाला तो तिथून.

चार वर्षांनी बाळासोंनी मोठी डिझेल गाडी घेतली. मी बेदाण्याच्या शेडमध्ये गेले. रिकामे क्रेट माझ्या टपावर ठेवायला लागले. मागच्या सीटवर मांजर व्याली. बॅटरी बसली, टायर चपटे झाले, आणि मी समजून चुकले की पुढचा मुक्काम भंगारात.

तेव्हा इंद्रजित आला. वाईचा, पंचविशीतला, बारीक अंगाचा. त्याने आधी बॉनेट उघडलं. कोपरापर्यंत हात आत घातला, टर्बोची नळी चाचपली, आणि म्हणाला, "बिचारीला कुणी नीट चालवलंच नाही." लिटरला किती, हे त्याने विचारलंच नाही. मी लगेच सावध झाले. हा प्रश्न न विचारणारा माणूस एक तर खुळा असतो, नाही तर त्याच्या मनात काही तरी काळंबेरं असतं.

माझा संशय अगदीच खोटा नव्हता. वाईला आल्यावर कळलं की इंद्रजित मला जन्म देणाऱ्या कंपनीतच इंजिनियर आहे आणि त्याचं काम आहे गाड्यांचं पेट्रोल कमी करणं. म्हणजे आठवडाभर हा पुण्यात बसून आमच्यासारख्यांचं खाणंपिणं तोडणार, आणि रविवारी वाईला येऊन मला शांपूने धुणार! खाटकाने बकऱ्याला हिरवा पाला भरवावा, तसं मला ते वाटायचं.

घरात आणखी दोन माणसं. इंद्रजितची बायको उत्कर्षा पाचगणीच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती एकदा टेप घेऊन माझी लांबी-रुंदी मोजायला लागली. मला वाटलं, विक्रीची तयारी. तसं नव्हतं, माझ्याशेजारी विजेवरची गाडी उभी राहील का, चार्जर कुठे बसेल, ते ती बघत होती. म्हणजे संशय चुकला, पण फार नाही.

आणि इंद्रजितचे वडील, आप्पासो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मूळचे माणदेशातले. लहानपण मेंढरांमागे गेलं. पुढे मेंढरं विकून त्यांनी जुनी जीप घेतली आणि वाई-पाचगणी वडाप केलं, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेली-आणली, तब्बल अठ्ठावीस वर्षं. नऊच्या जीपमध्ये सतरा माणसं बसवून पसरणीचा घाट रोज चार वेळा चढला आणि उतरला. त्याच जीपच्या कमाईवर इंद्रजित शिकला. आप्पा मला 'पोरगी' म्हणायचे. माझ्यावर कधी हात उगारला नाही, दार आपटलं नाही. तरीही मी त्यांच्याकडे डोळा ठेवूनच असे.

गेल्या वर्षी घरात नव्या नियमांची चर्चा सुरू झाली. इंद्रजित अंगणात माझ्या बॉनेटला टेकून आप्पांना समजावत होता. सरकार प्रत्येक गाडीचं पेट्रोल वेगळं बघत नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघतं. ती ठरलेल्या आकड्याच्या आत हवी, आणि आता तो आकडा आणखी कडक होणार.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे कळपाला चारा ठरल्याला. त्यात एक मेंढा लय खानारा निघाला, तर बाकीच्या मेंढरांनी पोट मारायचं. आसंच का?"

"व्हय आप्पा. अगदी तसंच."

"मग मालक तो मेंढा इकनार की रं."

"तेच चाललंय," इंद्रजित म्हणाला. "आमच्याकडं जोरात पळनारी पेट्रोलची एकच गाडी उरलीय. हिचीच धाकटी भन समजा. इंजिन तेच. मार्चपास्नं ती बंद करायची म्हनत्यात."

 मी म्हातारी व्हायला लागलेय, ते ठीक. पण माझ्यामागून रांगेत कुणीच येणार नाही, हे मला सोसेना.

इंद्रजित पुढे म्हणाला की तीन वर्षं खपून त्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी नवा प्रोग्राम लिहिलाय. सावकाश जाताना इंजिन मोजून पेट्रोल घेईल, पण गरज पडली की ताकद तेवढीच देईल. त्याच्या साहेब, नीलिमा मॅडम, यांनी एक संधी दिली होती. त्या म्हणाल्या, रस्त्यावर, खऱ्या वाहतुकीत, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, लिटरला पंधरा दाखव. घाटाचा चढ-उतार त्यात हवा आणि इंजिन सगळा वेळ चालू हवं. सोमवारी अहवाल दे, मग मी वरच्यांशी भांडते. कंपनीची चाचणीची गाडी दुसऱ्या कामावर गेली होती, म्हणून इंद्रजितने माझं नाव दिलं.

मला कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

शुक्रवारी त्याने लॅपटॉपची वायर माझ्या डॅशबोर्डखाली खुपसली आणि अर्धा तास माझ्या डोक्यात काहीबाही भरत बसला. वर एक काडेपेटीएवढी काळी डबीही तिथे चिकटवली. माझा वेग, माझे इंजिनाचे फेरे, सगळं क्षणाक्षणाला टिपून ठेवणारी चहाडखोर डबी. मला खोंडाची आठवण झाली. तासगावात शेजारच्या गोठ्यात एक तगडा खोंड होता. एक दिवस डॉक्टर आला, आणि दुसऱ्या दिवसापासून खोंड खाली मान घालून नांगराला चालायला लागला. माझंही तेच केलंय याची मला खात्री होती.

शनिवारी पहाटे वाईच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि आम्ही निघालो. इंद्रजित चालवत होता, आप्पा शेजारी. सातारा, कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली. इंद्रजितने वेग सत्तर-ऐंशीच्या पुढे जाऊ दिला नाही. ट्रॅक्टरच्या मागे मुकाट चालायचं, एसटीला वाट द्यायची. आप्पा डोळे बारीक करून मीटर बघत होते. मी धुसफुसत होते.

आष्ट्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. दोन्ही बाजूंना ऊस, समोर कुणी नाही. इंद्रजितने आरशात पाहिलं, आणि पाय दाबला. अगदी एकदाच, पाच मोजेपर्यंत. आप्पांची टोपी मागच्या सीटवर गेली. ताकद होती! सगळीच्या सगळी होती, कणभरही कापलेली नव्हती. उलट जुन्यापेक्षा श्वास मोकळा वाटला. इंद्रजित लहान पोरासारखा हसला. आपला संशय चुकला हे मी तेव्हा कबूल करायला हवं होतं. नाही केलं. म्हटलं, डबी काय सांगते ते बघू.

सांगलीहून परत फिरलो. वाई गाठून थेट घाट चढलो. पाचगणीला पोचेपर्यंत दुपारचे तीन झाले होते. आता फक्त उतरायचं, पंपावर टाकी भरायची आणि भागाकार करायचा. पण पहाटेपासून चालवून इंद्रजितचे डोळे मिटायला लागले होते.

"दे हिकडं," आप्पा म्हणाले. "ह्या घाटात माझं निम्मं आयुष्य गेलंय. तू पड जरा."

इंद्रजित शेजारच्या सीटवर आला, पट्टा लावला, आणि पाचगणीचा बाजार संपायच्या आत झोपला.

आता माझी एक गोष्ट सांगते, ती आप्पांना कुणी सांगितली नव्हती. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि पेडलवरून पाय काढलेला असेल, तर मी पेट्रोलचा थेंबसुद्धा घेत नाही. चाकंच इंजिन फिरवत असतात. माझा कॉम्प्युटर पेट्रोल आपोआप तोडतो. आप्पांच्या जुन्या जीपला ही अक्कल नव्हती. तिचा कार्बोरेटर उतारावरही पीतच राहायचा. म्हणून वडापवाले घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायचे आणि चावी बंद करून टाकायचे. अठ्ठावीस वर्षं आप्पांनी तेच केलं होतं, आणि त्या वाचलेल्या पेट्रोलवर पोराच्या फीचे हप्ते भरले होते.

दुसऱ्या वळणावर आप्पांनी झोपलेल्या पोराकडे पाहिलं. तीन वर्षांची त्याची मेहनत, आणि सगळं अडलंय एका आकड्यावर. त्यांनी गिअरची दांडी मधे आणली आणि हलक्या हाताने चावी मागे फिरवली.

मी गप्प झाले. टायरांचा तेवढा आवाज.

"झोप लेका," आप्पा पुटपुटले. "तुला पंदरा देतो."

इंजिन बंद झालं की माझं स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दोन-तीनदा दाबण्यापुरताच उरतो. जीपचे ब्रेक तसे नव्हते; तिथे सगळा जोर पहिल्यापासून पायाचाच. आप्पांनी पेडल हलकं दाबून धरलं, सोडलंच नाही, आणि वळणामागून वळण निभावलं. घाट संपत आला. तळाच्या वळणावर समोरून एसटी आली, रस्ता भरून. आप्पांनी पाय उचलून ब्रेक दोन-तीनदा दाबला, आणि पेडल दगडासारखं झालं. मला ओरडायचं होतं. पण गाडीला ओरडायला हॉर्नच, आणि तो माणसाच्या हातात.

डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. आप्पांनी दोन्ही हातांनी, अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून मला डोंगराकडे ओढलं आणि हँडब्रेक खेचला. माझं डावं चाक गटारात गेलं, दिवा कातळावर फुटला, पत्रा चुरगळला. एसटी हातभर अंतरावरून गेली आणि पुढे जाऊन थांबली.

इंद्रजित दचकून उठला. "काय झालं? आप्पा! लागलं का तुमाला?"

आप्पांनी हँडब्रेक अजून सोडला नव्हता. "माकड," ते म्हणाले. "माकड आडवं आलं रं."

माकड-बिकड काही नव्हतं. ते आप्पांना ठाऊक होतं आणि मला. इंद्रजितने आधी वडिलांचे हात, मान, गुडघे चाचपले. मग उतरून माझ्याकडे पाहिलं. रिम वाकली होती. धक्क्याने इंजिन बंद पडलं असेल असं त्याला वाटलं. एसटीतल्या चार जणांनी उतरून मला गटारातून उचललं, आणि लंगडत लंगडत आम्ही वाईच्या पंपावर आलो.

साडेबावीस लिटर बसलं. तीनशे पंचेचाळीस किलोमीटर. इंद्रजितने मोबाईलवर भागाकार केला, पुन्हा केला.

"पंधरा पॉईंट तीन," तो म्हणाला, आणि खाली कठड्यावर बसला.

"पंदरा पॉईंट तीन!" आप्पांनी पंपावरच्या सगळ्यांना सांगितलं. हवा भरणाऱ्यालाही सांगितलं. माझा फुटका दिवा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. घरी उत्कर्षाने साखर वाटली, आणि माझ्या बॉनेटवरही चिमूटभर ठेवली. विजेच्या गाडीची वकिली करणारी बाई मला साखर भरवतेय! मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी इंद्रजित माझ्यात येऊन बसला, लॅपटॉप मांडीवर. डबीतली माहिती काढून अहवालाला जोडायची होती. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक वेगाची, एक इंजिनाच्या फेऱ्यांची. घाट उतरताना वेगाची रेघ वर होती, आणि इंजिनाची रेघ सपाट. शून्य.

बराच वेळ तो त्या रेघेकडे बघत राहिला. घरातून आप्पांच्या हसण्याचा आवाज येत होता.

खरं सांगते, मी मनात म्हटलं, पुसून टाक. कोण बघतंय? एवढासा तुकडा पुसला की माझी धाकटी बहीण वाचते. बाळासोंनी दहाचे पंधरा केले होते, ते गावभर पचले. आणि हाही पुसणार, याबद्दल मला शंका नव्हती. शेवटी माणूसच.

उत्कर्षा चहा घेऊन आली. तिने पडदा पाहिला. शिक्षिकाच ती, तिला लगेच कळलं.

"आप्पांनी?" तिने विचारलं. इंद्रजितने मान डोलावली.

"पण इंजिन चालू असतं तरी उतारावर पेट्रोल तेवढंच लागलं असतं ना?"

"तेवढंच. गिअरमध्ये ठेवली असती तर एक थेंबही जास्त नाही."

"मग पंधरा पॉईंट तीन खराच आहे की."

"खरा आहे, पण मोजलेला नाही," इंद्रजित म्हणाला. "इंजिन सगळा वेळ चालू हवं, ही अटच होती. उतार धरला तर मी खोटा. आणि उताराचे किलोमीटर सोडले तर चौदा पॉईंट सात."

"परत कर चाचणी."

"रिम यायला दोन आठवडे. सोमवार परवा आहे."

 ती शेजारी बसून राहिली. चहा गार झाला. मग इंद्रजितने अहवालात लिहिलं: चौदा पॉईंट सात. खाली सगळी हकिकत लिहिली: उतारावर इंजिन बंद होतं, ते का बंद होतं, आणि चालू असतं तर काय झालं असतं. डबीची रेघ जशीच्या तशी जोडली. काही पुसलं नाही.

मी त्याच्यावर चिडले होते. इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी त्याने चावी फिरवली तर मी तीनदा नुसती कुंथले.

सोमवारी दुपारी नीलिमा मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "इंद्रजित, तू लिहिलंयस ते मला पटतं. पण अटीत बसत नाही ते मी वर नेऊ शकत नाही." त्यांचा आवाज जड होता म्हणे. मी फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवत नाही, पण इंद्रजितने ठेवला. मार्चमध्ये ती रांग बंद झाली. इंद्रजितला बॅटरीच्या विभागात पाठवलं. तिथेही तो मन लावून काम करतो असं ऐकते.

नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. उत्कर्षाच्या वर्गात दोन मुलं दम्याची आहेत, तिच्या तोंडून मी ते ऐकलंय, आणि माझ्या मागच्या नळीतून काय निघतं ते मला माहीत आहे. पण सरासरी काढणाऱ्यांनी आमच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं असतं, तर बरं वाटलं असतं.

आता मी वाईत अंगणात उभी असते. नवा दिवा, नवी रिम. शेजारी चार्जर बसलाय. रविवारी इंद्रजित मला फिरवून आणतो. आप्पा हल्ली चालवत नाहीत. चावी पुढे केली तरी हात मागे घेतात.

मागच्या रविवारी दोघे माझ्यापाशी उभे होते. इंद्रजित काच पुसत होता. आप्पा खाली बघत म्हणाले, "माकड न्हवतं रं. म्या चावी बंद क्येली हुती."

"मला ठावं हाय, आप्पा."

"तुजी गाडी माज्यामुळं ग्येली का?"

"न्हाई. आकडाच कमी हुता."

 मग अगदी हळू, परीक्षेचा निकाल विचारावा तसं आप्पांनी विचारलं, "पर चावी बंद क्येली, त्यात काय तरी वाचलं आसंल की? घाटभर बंद हुती."

इंद्रजितचा हात काचेवर थांबला. उत्तर त्याला ठाऊक होतं, मलाही. एक थेंबही नाही. ज्या माणसाने कंपनीला अर्ध्या पॉईंटचंही खोटं लिहिलं नाही, तो आता काय बोलतो म्हणून मी श्वास रोखून होते.

"वाचलं की, आप्पा," तो म्हणाला. "अर्धा लिटर तरी वाचलं आसंल."

आप्पांचा चेहरा सैल झाला. "तरी म्हनलं," ते म्हणाले, आणि टोपी नीट करून घरात गेले.

पेट्रोलबद्दलचं खोटं मी आयुष्यभर ऐकत आलेय. हे एकच असं, की ऐकून मला रडू आलं, आणि गाडीला रडता येत नाही. इंद्रजितवर आता माझा संशय उरलेला नाही.

तुमच्यावर आहे. तुम्हाला आता सगळं कळलंय, आणि कळलेलं पोटात ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. तेव्हा हात जोडता येत नाहीत म्हणून शब्दांनीच विनवते. कधी वाईला आलात आणि आमच्या अंगणात आप्पा भेटले, तर चहा घ्या, घाटाच्या गप्पा मारा, मेंढरांचं विचारा. पण उतारावर माझं इंजिन किती पितं, ते मात्र त्यांना सांगू नका.